जिनिंगवाल्या मालक मंडळींना खुलं पत्र: ग्रुपवर टाकलं होतं ना, मग गेलं कोण?

विदर्भातल्या समस्त जिनिंग-प्रेसिंगच्या मालक मंडळींना, आणि त्यांच्या पार्टनर, मॅनेजर, भाच्या-पुतण्यांना सुद्धा, कारण सीझनमध्ये ऑफिसात बसलेले बहुतेक तेच असतात,

रामराम.

मी एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गठाणी बांधायच्या कारखान्यात, मेंटेनन्स पाहतो. आगीची खबर कामाच्या माणसाच्या हातात कशी पडेल, आणि त्यासाठी दवाखान्यातला कॉर्डलेस फोन कसा कामी येईल, त्याबद्दल हे पत्र आहे. यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडच्या पट्ट्यात, एवढं पुरे. जिनिंगचं नाव लिहत नाही, विचारू पण नका, मालकाचं मीठ खातो आणि मालक माणूस वाईट नाही. हे पत्र एका मालकासाठी नाहीच, कारण मी चार सीझनमध्ये तीन जिनिंग पाहिल्या आणि तिन्हीत हेच पाहिलं.

गोष्ट जानेवारीतली. रात्रीचे दोन वाजून गेलेले, थंडी मरणाची, हॉलमध्ये चोवीस डीआर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या डबल रोलर मशिनी, चालू, आणि मी प्रेसच्या हायड्रॉलिक पंपाखाली अर्धा घुसून सील बदलून राहिलो होतो. कापसासोबत खडा आला का विळ्याचा तुकडा आला का कोणाची बिडी, ते शेवटपर्यंत समजलं नाही, पण कुठंतरी ठिणगी पडली आणि पाईपच्या हवेसोबत उडत पाला हॉलमध्ये गेली, जिथे रुई दाबायच्या आधी जमा होते. ज्याला जिनिंग माहीत नाही त्याला सांगतो, आमच्याकडे माल हातानं उचलत नाहीत, पंखा ओढतो, पाईपातून कापूस इकडून तिकडे आणि रुई तिकडून पलीकडे, आणि मालाला जेवढा वेग तेवढाच ठिणगीला. आग जिथे लागते तिथे दिसतच नाही, पुढच्या शेडमध्ये दिसते.

पाला हॉलवर एक पोट्टा होता, मध्यप्रदेशातून आलेला, पहिलाच सीझन. त्याला धूर दिसला. आणि त्यानं तेच केलं जे त्याला मीटिंगमध्ये शिकवलं होतं. फोटो काढला आणि 'नाईट शिफ्ट' ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, धूर निघ रहा है.

ग्रुपमध्ये आम्ही चौदा जण. मॅनेजर साहेब लग्नाला अमरावतीला होते, जागे होते, त्यांनी पाहिलं आणि वाटलं फिटर आहे तिथे, पाहून घेईन. अकाउंटंट घरी अंथरुणात, त्यांनी अंगठा दिला. एकानं हात जोडलेले टाकले, ते कशासाठी मला आजपर्यंत समजलं नाही. आणि फिटर म्हणजे मी, माझा मोबाईल शर्टाच्या खिशात आणि शर्ट खिळ्याला टांगलेला, कारण तेलात कोण घेऊन झोपते मोबाईल. वाजला असेल तरी चोवीस डीआरच्या आवाजात काय ऐकू येणार, तिथे शेजारच्याच्या कानात ओरडावं लागते.

शेवटी एक हमाल पळत आला आणि त्यानं माझा पाय धरून ओढला. फोटोची वेळ आणि मी पाला हॉलमध्ये पोचल्याची वेळ यात अकरा मिनिटं गेली. नशीब म्हणा की वाळूच्या बादल्या भरलेल्या होत्या आणि पाण्याची मोटर चालू झाली. थोडी रुई गेली, एक पट्टा जळला, आणि त्या पोट्ट्याचा कोपरापासून खालचा हात भाजला, कारण बाकी कोणी आलं नाही म्हणून तो एकटाच हातानं रुई बाजूला ओढत बसला होता.

सकाळी मालक आले, सगळं पाहिलं, दवाखान्याचा खर्च दिला, खोटं कशाला बोलू. आणि मग म्हणाले, अरे पण ग्रुपवर टाकलं होतं ना?

हो शेटजी, टाकलं होतं. चौदा जणांना गेलं होतं. हे पत्र त्या प्रश्नासाठीच आहे.

आपल्या जिनिंगमध्ये खबर द्यायच्या जेवढ्या सोयी आहेत त्या सगळ्या ओरडायच्या सोयी आहेत, कोणी ऐकलं का, कोण निघालं, हे विचारणारी एकही नाही. भोंगा घ्या. तोच भोंगा शिफ्ट बदलली की वाजतो, तोच जेवणाच्या सुट्टीला, तोच आगीला. एकदा वाजला का तीनदा वाजला हे मोजायला लोक उभे राहतात. आणि आग आहे हे कळलं तरी कुठे आहे? काट्याजवळ, गंजीला, सरकीच्या गोदामात, का गठाणींत? लोक पळतात, पण सगळे एकाच बाजूला, जिकडे पहिला माणूस पळाला तिकडे. वॉकी-टॉकी काही जिनिंगमध्ये आहे, ती बरी, पण तिच्यात एका वेळी एकच बोलू शकतो आणि बटन दाबून बसला कोणी तर बाकीचे गप्प, आणि नंतर कोण काय बोललं त्याचा काही पुरावा राहत नाही. मोबाईलचं तर विचारूच नका, पत्र्याच्या शेडमध्ये गेलं की एक काडी राहते, लाईट गेली आणि टॉवरची बॅटरी बसली की ती पण जाते.

२०२३ मध्ये सगळ्यांचे मोबाईल एकाच वेळी कसे कर्कश वाजले होते आठवते ना, सरकारनं इमर्जन्सी अलर्टची टेस्टिंग केली होती. आमच्या गावात दोन म्हाताऱ्यांनी मोबाईल वावरात फेकून दिला होता. ते काम मोठं आहे, पूर-वादळासाठी पाहिजेच. पण तुम्ही ओके दाबलं ते कोणाला समजलं? कोणालाच नाही. लाखो लोकांसाठी ते ठीक आहे, पण जिनिंगमध्ये रात्रपाळीला तीस-चाळीस माणसं असतात, तिथे तरी समजायला पाहिजे ना की खबर कोणाच्या हातात पडली.

आता मी हे कुठून शिकलो ते सांगतो. बाबांचं दुखणं निघायच्या आधी मी पाच वर्षं नागपूरला एका खाजगी दवाखान्यात मेंटेनन्सला होतो. तिथे आमच्या कमरेला कॉर्डलेस फोन असायचा. दिसायला जुन्या बटनाच्या मोबाईलसारखा, पण सिम नाही, कंपनीचं नेटवर्क नाही, रिचार्ज नाही. बिल्डिंगमध्ये ठिकठिकाणी छताला छोटे डबे लावलेले, त्याला बेस म्हणतात, आणि फोन एका डब्यावरून दुसऱ्यावर आपोआप जातो, बोलणं तुटत नाही. या प्रकाराला डेक्ट म्हणतात. युरोपात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ठरलेली पद्धत आहे ही, तिकडे १८८० ते १९०० मेगाहर्ट्झमध्ये चालते, १० कॅरियर, म्हणजे रेडिओ लहरी, आणि प्रत्येकावर १२ बोलणी, म्हणजे १२० वाटा, त्यातली जी मोकळी असेल ती फोन स्वतः शोधून घेतो. वायफाय वेगळ्या पट्ट्यात चालते म्हणून पोट्टे रील पाहत बसले तरी यांच्यात अडचण येत नाही.

आणि हे काही फक्त परदेशी खूळ नाही बरं. याच डेक्टवर मद्रासच्या आयआयटीत प्रा. अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या टीमनं नव्वदच्याच दशकात कॉरडेक्ट बनवलं होतं, खेड्यात तार न ओढता फोन पोचवायला, समोर आडकाठी नसली तर १० किलोमीटर आणि मधात रिले, म्हणजे सिग्नल पुढे पाठवणारं केंद्र, बसवला तर २५ किलोमीटरपर्यंत. त्याच्यावर ३५ नाहीतर ७० केबीपीएसचं इंटरनेट पण चालायचं. पुढे मोबाईल आले आणि ते मागं पडलं. ज्याला आपण दवाखान्याची चैन समजतो त्याची एक शाखा तर खेड्यासाठीच काढलेली होती, हे मला फार उशिरा समजलं आणि थोडा रागच आला.

असो. दवाखान्यात त्या फोनवर बोलणं कमी आणि मेसेज जास्त यायचे. ऑक्सिजनचं प्रेशर उतरलं, लिफ्ट अडकली, रक्ताच्या फ्रिजचं टेंपरेचर वाढलं, की कोणी माणसानं टाईप करायची गरजच नाही. त्या मशीनमध्ये एक साधा रिले असतो, दोन तारा जुळल्या का सुटल्या एवढंच तो सांगतो, त्या तारा एका छोट्या बॉक्सला जातात, बॉक्सवरून सर्व्हरला, आणि सर्व्हर ठरवतो कोणाच्या फोनवर काय लिहून पाठवायचं. फोन थरथरतो, स्क्रीन लाल होते, वेगळाच टोन वाजतो, आणि तो टोन सायलेंटवर ठेवला तरी वाजतो. खाली दोन बटनं, घेतलं आणि नाही जमत. तीस सेकंदात कोणीच काही दाबलं नाही तर मेसेज पुढच्या माणसाकडे जातो, तिथेही नाही तर सुपरवायझरकडे, तिथून साहेबाच्या मोबाईलवर कॉल. आणि मी 'घेतलं' दाबलं की बाकीच्यांच्या फोनवर येते, अमक्यानं घेतलं. मग ते आपल्या कामाला मोकळे. सगळ्याची वेळ सेकंदासकट लिहून राहते.

एवढंच आहे ते. पहिल्या आठवड्यात मला वाटलं हा तर डोक्याला ताप आहे, संडासात पण वाजते. दुसऱ्या महिन्यात रात्री तीनला लिफ्टमध्ये एक बाई अडकली होती, पोट दुखत असलेली, आणि मी 'घेतलं' दाबून जिने चढलो. वर पोचलो तेव्हा माझ्यासोबतचा इलेक्ट्रिशियन तिथे आलाच नाही, कारण त्याला माहीत होतं मी निघालो आहे, तो सरळ खाली मशीनरूमला गेला ब्रेक सोडायला. आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. तेव्हा पटलं.

आता जिनिंगमध्ये हे कसं बसवायचं, तर डोकं आपलं लावावं लागेल, दवाखान्याचा नकाशा इथे चालत नाही. मोकळ्या जागेत हा फोन ३०० मीटरपर्यंत पकडतो असं सांगतात, भिंतींच्या आत तीस ते पन्नास मीटर धरा. विकणारा तुम्हाला तीनशेचा आकडा दाखवेल आणि म्हणेल शेटजी दोन बेसमध्ये काम होते. होत नाही. पत्र्याची शेड म्हणजे डबाच तो, बाहेरचा बेस आत पोचत नाही, आणि आतला सिग्नल पत्र्यावर आपटून आपटून वेडा होतो. जिन हॉलला एक, पाला हॉल आणि प्रेसला एक, सरकीच्या गोदामाला एक, गंज्या आणि काट्याच्या पटांगणाला एक बाहेरचा, पाऊस-धूळ सहन करणारा. कमीत कमी एवढं. आणि पैसे द्यायच्या आधी त्याला सांगा, मशिनी सगळ्या चालू असताना, गंज्या भरलेल्या असताना फोन घेऊन फिर. उन्हाळ्यात रिकाम्या शेडमध्ये केलेल्या टेस्टिंगवर भरवसा ठेवू नका, कापसाच्या दहा-बारा फूट उंच गंजीमागे गेलं की गोष्ट बदलते.

सर्व्हर आणि बॅटऱ्या ऑफिसात ठेवा, हॉलमध्ये नाही. एक तर बारीक रुई सगळ्यात घुसते, पंख्याच्या जाळीवर गोधडी तयार होते, आणि दुसरं म्हणजे जिथे आग लागण्याची जास्त शक्यता तिथेच आगीची खबर देणारं मशीन ठेवणं म्हणजे काय म्हणावं याला. बेसला वीज नेटवर्कच्या वायरीतूनच जाते, म्हणजे ऑफिसातल्या एका यूपीएसवर सगळं चालते, पण तो यूपीएस तुमच्या पुतण्याच्या कॉम्प्युटरचा नको. लाईट आपल्याकडे किती जाते ते मी सांगायला नको.

तारा कुठून आणायच्या? आग ओळखणारी काही सोय बहुतेक जिनिंगमध्ये आधीच असते, नसली तर आधी ती करा, आयएस २१८९ म्हणून कोड आहे त्याचा. ज्या फायर पॅनेलला जास्तीचा रिले आहे तिथून दोन तारा. पाईपात ठिणगी पकडणारा सेन्सर असेल तर त्याच्यातून दोन. पाण्याच्या टाकीची पातळी, हायड्रंटच्या मोटरला लाईट आहे का नाही, याच्या पण दोन-दोन, कारण आगीच्या वेळी समजते की मोटरचा फेज उडालेला आहे आणि तो आठ दिवसांपासून उडालेला आहे. मोठं फायर पॅनेल असेल तर विकणाऱ्याला विचारा ईएसपीए ४.४.४ बोलते का, पेजरच्या काळातली भाषा आहे ती, पण अजून चालते. आणि हॉलमध्ये दर मशिनींच्या ओळीला एक साधं लाल बटन, भिंतीवर, जे त्या मध्यप्रदेशच्या पोट्ट्याला मोबाईल न काढता ठोसा मारून दाबता आलं असतं.

भाषेचा विचार कोणीच करत नाही. यातले कितीतरी फोन देवनागरी दाखवत नाहीत, आणि दाखवली तरी आमच्याकडचे अर्धे लोक बिहार-मध्यप्रदेशचे, थोडे इथले कोलाम, गोंड, काहींना वाचता येते काहींना नाही. तिथे 'पाला हॉल सक्शन डक्ट टेंपरेचर हाय' पाठवून काय उपयोग. आकडा पाठवा. १ म्हणजे जिन हॉल, २ पाला, ३ प्रेस, ४ सरकी, ५ पटांगण, आणि तेच आकडे शेडच्या दारावर माणसाएवढे रंगवा. आगीला एक टोन, बाकी कशालाही दुसरा. हा रंगाचा डबा तर उद्याच आणता येतो, फोन घ्या नाहीतर नका घेऊ.

फोन कोणाला द्यायचे यात सगळ्यात मोठी चूक होते असं माझं मत आहे. येतात दहा फोन आणि सात ऑफिसात राहतात. मालकाला एक, मॅनेजरला एक, ग्रेडर साहेबांना मान म्हणून एक. राजेहो, ऑफिसातला माणूस पाच वाजता घरी जातो आणि आग त्याची वाट पाहत नाही. फिटर, प्रेसवाला, जिन हॉलचा मुकादम, पाला हॉलचा मुकादम, चौकीदार, मोटरवाला. हे सहा आधी. आणि फोन माणसाचा नको, जागेचा पाहिजे, शिफ्ट बदलली की फोन पुढच्याच्या कमरेला गेला पाहिजे, चार्जिंगच्या खणात पडून राहिला नको.

चौकीदारावरून सांगतो. या फोनात काहींना आडवं पडल्याचं समजते. माणूस पडला आणि फोन आडवा झाला, किंवा बराच वेळ काहीच हालचाल नाही, की तो आधी स्वतः टुकटुक करतो, माणसानं बटन दाबलं तर गप्प होतो, नाही दाबलं तर सगळ्यांना मेसेज जातो आणि कोणत्या बेसजवळ आहे ते पण जाते. मागच्या एका जिनिंगमध्ये आमचे चौकीदार काका, साठीचे असतील, पहाटे गठाणींच्या थप्पीवर चढले, ताडपत्री उडाली होती म्हणून, आणि घसरले. मधल्या फटीत पडले, मांडीचं हाड मोडलं. गठाण एक १७० किलोची, त्या दोन थप्प्यांच्या मधात हाक कुठे जाणार. सकाळी सातला ट्रक भरायला हमाल आले तेव्हा सापडले. तीन तास. काका नंतर मला म्हणाले, पोरा, दुखत होतं त्याचं काही नाही वाटलं, कोणालेच आपली आठवण नाही याचंच वाईट वाटत होतं.

पण हीच सोय हमालाला देऊ नका. तो दिवसभर वाकतो, उचलतो, पाठीवर घेतो, फोन दर दोन मिनिटाला आडवा होईल आणि चौथ्या दिवशी सगळे त्या आवाजाला कंटाळतील, मग खरा पडला तरी कोणी पाहणार नाही. जो एकटा असतो आणि उभा फिरतो त्यालाच ही सोय.

आता मालक मंडळींच्या मनातली एक गोष्ट बोलून टाकतो. फोन कोणत्या बेसजवळ आहे ते समजते म्हटल्यावर काहींचे डोळे चमकतात, की मुकादम कुठे बसला, कितीदा बिडीला गेला, ते पण समजेल. नका करू तसं. एकदा पोट्ट्यांना वाटलं की हे आपल्यावर नजर ठेवायचं यंत्र आहे की दुसऱ्या दिवशी सगळे फोन कपड्याच्या गाठोड्यात मिळतील. दवाखान्यात आमच्या एका साहेबानं हे केलं होतं, दोन महिन्यांत नर्सबाईंनी फोन टेबलाच्या खणात ठेवून दिले आणि मेसेज खणात वाजत राहिले. आगीची नोंद आगीपुरती ठेवा, तसं मराठी-हिंदीत लिहून भिंतीला लावा.

विकणारे जे सांगत नाहीत ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा कमिशन खातो. हे फायर अलार्मच्या जागी नाही, त्याच्या सोबत आहे. हूटर, पॅनेल, भोंगा, वाळू, पाणी, सगळं राहू द्या, हा फोन बंद पडू शकतो, सर्व्हर अडकू शकतो. म्हणून सर्व्हर मेला तर तेही कोणाला तरी कळलं पाहिजे, हे विचारून घ्या. आणि ज्यांच्या आवारात सरकीच्या ढेपेतून हेक्झेननं तेल काढायचा सॉल्व्हंट प्लँट आहे त्यांनी तिथे साधा फोन अजिबात नेऊ नका, स्फोटक वाफेच्या जागेसाठी वेगळे, सर्टिफिकेटवाले फोन येतात, महाग असतात, पण तिथे तडजोड नाही. शंका असेल तर पेसोला, म्हणजे केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेच्या खात्याला, विचारा, त्यांचं हेडऑफिस आपल्या नागपुरातच आहे. डब्ल्यूपीसी आणि टीईसी, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या वायरलेस आणि तपासणीच्या शाखा, त्यांच्या मंजुरीचे कागद विकणाऱ्याकडून घेतल्याशिवाय चेक देऊ नका, कोणी परदेशातून बॅगेत आणलेला स्वस्त सेट गळ्यात मारेल.

कायद्याचं म्हणाल तर १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टाचं कलम ३८ आगीबद्दलच होतं, सुटकेचे रस्ते, आग विझवायची साधनं, कामगारांना त्याची माहिती. त्यात कुठे लिहिलं नव्हतं की कॉर्डलेस फोन घ्या. मी पण कायदा म्हणून मागत नाही. इन्स्पेक्शनच्या दिवशी भरलेल्या बादल्या आणि इतर दिवशी त्यात थुंकलेलं पान, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

पैशाचं. आकडा मी लिहत नाही, कारण माल, बेस, फोन किती त्यावर बदलतो आणि माझ्याजवळ आजचं कोटेशन नाही. पण हिशोब तुम्हीच करा. १७० किलोची एक गठाण, आजचा भाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, कोटेशन आलं की त्याला गठाणीच्या भावानं भागा आणि पाहा किती गठाणी होतात. मग मागच्या दहा वर्षांत तुमच्या किती जळाल्या ते आठवा. आणि जळालेली दिसते तीच मोजू नका, दाबलेल्या गठाणीच्या पोटात ठिणगी राहिली तर ती आत धुमसत राहते, दिवसांनी गोदामात नाहीतर ट्रकमध्ये पेट घेते, आणि तेव्हा तुमचा माल तर जातोच पण शेजारच्याचाही जातो. त्या रात्री आम्ही प्रेस थांबवून शेवटच्या सहा गठाणी बाहेर पटांगणात वेगळ्या ठेवल्या होत्या, मालक चिडले होते. एकीतून तिसऱ्या दिवशी धूर निघाला.

काही मालक म्हणतील, एवढे मोठे आम्ही नाही, बारा मशिनींची जिनिंग आहे, सीझन चार महिने, बाकी आठ महिने हे फोन खणात पडून राहतील. खरं आहे. बॅटऱ्या पण बिघडतील पडून पडून. तीन-चार जिनिंग एकाच रस्त्यावर असतात आपल्याकडे, भिंतीला भिंत लागून, तिथे एकत्र घेता येईल का ते पाहा, बेस आपापले, सर्व्हर एकच. तालुक्याचा नगरपरिषदेचा बंब यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात शेजारच्या जिनिंगची वीस माणसं आणि त्यांची मोटर येऊ शकते, पण त्यांना समजलं तर. आज त्यांना आपला धूर दिसतो तेव्हा समजते. भावावरून तुमची एकमेकांशी भांडणं आहेत, काट्यावरून आहेत, माहीत आहे मला. आगीपुरतं बोला.

आणि ज्यांना काहीच घ्यायचं नाही त्यांना पण माझं एक काम आहे, फुकटातलं. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस खरेदीचा मुहूर्त करता, काट्याची पूजा, पहिल्या गाडीवाल्या शेतकऱ्याला शाल-नारळ, पेपरात फोटो. त्याच आठवड्यात एका रात्री, कोणाला न सांगता, दोन वाजता पाला हॉलमधून ग्रुपवर एक मेसेज टाकायला लावा आणि स्वतः हातात घड्याळ घेऊन तिथे उभे राहा. पहिला माणूस दारातून आत येईपर्यंत किती मिनिटं गेली ते लिहून ठेवा. आमची अकरा होती. तुमची किती भरतात ते मला नाही सांगितलं तरी चालेल, पण तो कागद ऑफिसात गल्ल्याच्या वर चिकटवा, आणि मग ठरवा.

कोणाला बेस कुठे लावायचा, कोणत्या मशीनमधून तारा काढायच्या हे पाहायचं असेल तर मी रविवारी मोकळा असतो, सीझन सोडून. पैसे नको, चहा चालेल, साखर कमी.

आपला,
एक जिनिंगचा फिटर

ता.क. त्या पोट्ट्याचा हात भरून आला. यंदा तो परत आला आहे कामाला, आणि मोबाईल गाठोड्यात ठेवून गळ्यात शिट्टी घालून फिरतो. शिट्टी त्यानं स्वतःच्या पैशानं घेतली.